गळ्याकडे बघणाऱ्या मंदामावशी

मंदामावशी कुणाला भेटल्या की आधी त्याच्या तोंडाकडे बघायच्या नाहीत, गळ्याकडे बघायच्या. तिथून नजर अंगावरच्या कपड्याकडे जायची, परत गळ्याशी यायची आणि सगळ्यात शेवटी चेहऱ्यावर. नवख्या बाईला त्यानं अवघडल्यासारखं व्हायचं. ती उगीचच पदर सारखा करायची. मावशींना त्याचं काहीच वाटायचं नाही. “तोंड तर देवानं दिलंय, त्याला आपण काय करणार?” त्या म्हणायच्या. “गळ्यात काय घालायचं ते आपल्या हातात हाय. मंग आधी काय बघावं?”

तेलगावच्या शाळेत मी विज्ञान शिकवायला रुजू झाले, तेव्हा मावशींच्या दुकानावरची खोली मला भाड्यानं मिळाली. खाली रस्त्यालगत त्यांचं शिलाईचं दुकान, मागं राहतं घर. मी बॅगा घेऊन दारात उभी राहिले, तेव्हा मावशी मशीनवर वाकून ब्लाउजला बाही जोडत होत्या. मान वर करून त्यांनी त्यांच्या पद्धतीनं मला बघून घेतलं.

“गळा रिकामा कावून ठिवला, बाई?”

मी गळ्यातली बारीक साखळी बोटानं वर उचलून दाखवली.

“ही व्हय? मला वाटलं शिवणीतला दोरा सुटलाय.”

पन्नाशीला टेकलेली, काळीसावळी, उंचीनं बेताची, पण बसली तरी दुकान भरून टाकणारी बाई. त्या दिवशी त्यांनी साधं हिरवं लुगडं नेसलं होतं आणि गळ्यात जर्मन सिल्व्हरचा पंजाएवढा हार होता. असला हार मी तोवर शहरातल्या प्रदर्शनात, काचेच्या पलीकडे बघितलेला. इथं तो घालून बाई मशीन चालवत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेला निघाले तर जिन्याच्या पायथ्याशी मावशी वाट अडवून उभ्या. माझी साडी राखाडी, बिनकाठाची. हातातला हार त्यांनी काही न विचारता माझ्या गळ्यात घातला. बोराएवढे विटकरी रंगाचे मातीचे मणी, मध्ये मध्ये काळ्या दोऱ्याच्या गाठी.

“मावशी, पहिलाच दिवस आहे. मुलं हसतील.”

“हसू द्या की. हसतील तर बघतील, बघतील तर ऐकतील.” मग दोन पावलं मागं सरकून, डोळे बारीक करून त्यांनी मला न्याहाळलं. “ध्यानात ठिवा, बाई. कापड बोलत आसंल तर हारानं गप बसावं. कापड गप आसंल तर हारानं बोलावं. दोघंबी बोलाय लागले की भांडण होतंय, आन् दोघंबी गप बसले की मयत.”

शाळेत कुणी हसलं नाही. पहिल्या बाकावरच्या मुलीनं मात्र विचारलं, “बाई, ह्ये मणी मातीचे हायत तर घामानं विरघळत कसे न्हाईत?” आणि भाजलेल्या मातीत नेमकं काय होतं, हे सांगण्यातच माझा तेलगावातला पहिला तास संपला.

मावशींचं माहेर धारूरच्या डोंगराकडचं. घरी मेंढरं. वडील आणि भाऊ कळपामागं, आई लोकर पिंजून सूत काढणारी. एका रविवारी दुपारी ब्लाउजांना हुक लावता लावता हारांचा नाद आपल्याला कसा लागला ते त्यांनी मला सांगितलं. लग्नात अंगावर घालायला सोनं नव्हतं. माहेरच्या एका नात्यातल्या बाईनं आपला सोन्याचा हार चार दिवसांसाठी दिला होता. चार दिवस कुठले, तिसऱ्याच दिवशी ती बाई मावशींच्या सासरी येऊन उभी राहिली. अंगणात जावा, नणंदा, शेजारणी बसलेल्या. त्या सगळ्यांसमोर तिनं हात घालून नव्या नवरीच्या गळ्यातला हार काढून घेतला.

“मेंढराच्या गळ्यातली दोरी सोडावी तसा काढला, बाई. सगळ्या बाया बघायल्या. म्या रडले न्हाई. खाली बगितलं, तर गळ्यात नुसतं मंगळसूत्र. तवाच ठरवलं, दुसऱ्याचं गळ्यात घालायचं न्हाई, आन् खोटं तर घालायचंच न्हाई.”

पुढच्या खेपेला माहेरी गेल्या तेव्हा आईनं काढलेल्या काळ्या लोकरीच्या सुताचा त्यांनी जाड गोफ वळला, त्यात पितळेच्या कड्या ओवल्या आणि तो गळ्यात घालून सासरी परतल्या. जाऊबाईंनी विचारलं, “ह्ये काय घातलंस?” मावशी म्हणाल्या, “लोकर हाय. लोकर म्हणूनच घातलीय.” हा त्यांचा पहिला हार.

सोन्याचा मुलामा दिलेला एकही दागिना त्यांच्याकडे नव्हता. पितळ होतं, पण ते पितळ म्हणून मिरवायचं. कुणी सोनं समजू नये म्हणून मुद्दाम ठोकून खडबडीत केलेलं. धारूरच्या बाजारात एका भांडीवाल्याकडून त्या जुन्या गंगाळाच्या कड्या उचलून आणायच्या. तांड्यावरच्या एका बाईच्या लेकीची लग्नाची सगळी ब्लाउजं त्यांनी शिवून दिली आणि बदल्यात नाण्यांचा, कवड्यांचा हार घेतला. त्यांचे यजमान भानुदासकाका, दिवसभर रानात कपाशीत राबणारे, बोलायला अत्यंत कंजूस. पण तुळजापूरला गेले की न सांगता कवड्यांची पुडी खिशात घालून आणायचे आणि मशीनवर ठेवून निघून जायचे. दुकानातली एक अख्खी भिंत मावशींनी गडद निळी रंगवली होती, तिच्यावर लाकडी खुंट्या ठोकल्या होत्या आणि प्रत्येक खुंटीला एक हार. बाई ब्लाउज शिवायला यायची आणि मावशी मापाआधीच भिंतीकडे वळायच्या.

“चौकोनी गळा शिवायचा आसंल तर गोल हार घालू नका, कोपऱ्यात अडकल्यावानी दिसतोय. बंद गळ्यावर लांब माळ सोडा, पार पोटापर्यंत. पैठणी नेसायलात? मंग गळा सुना ठिवा. तिचा पदरच लई तोंडाळ हाय, तिला मधी कुणी बोललेलं खपत न्हाई.”

गावच्या सरपंच एक बाई होत्या. मोठ्या जमीनदार घरातल्या, पण स्वभावानं भिडस्त. झेंडावंदनासाठी पांढऱ्या साडीवरचं ब्लाउज शिवायला त्या आल्या आणि सहज म्हणून गेल्या, “कसंबी शिव गं, मंदा. फोटोत मला कोण बघतंय? मालक पुढं उभे असतात.” मावशींनी टेप खाली ठेवला. भिंतीवरून गुंजांचा पाचपदरी हार काढला, लालभडक, प्रत्येक दाण्यावर काळा ठिपका. पांढऱ्या साडीवर तो नुसता धरला आणि आरसा पुढं केला.

“तुमी मागच्या रांगेत उभ्या राहा, न्हाईतर झाडामागं. उद्या कॅमेराच तुमाला हुडकत येतोय का न्हाई बगा.”

झेंडावंदनाला मी शाळेच्या मुलांबरोबर होते. झेंडा फडकला, सगळे फोटोला उभे राहिले आणि पेपरवाल्या पोरानं कॅमेऱ्यातून डोकं वर काढून हाक मारली, “सरपंचबाई, तुम्ही मागं कशाला? मधी या, मधी!” यजमानांना बाजूला सरकावं लागलं. पुढच्या वेळी सरपंचबाई आपल्या आपण मध्ये उभ्या राहिल्या आणि त्यानंतरच्या ग्रामसभेत स्वतः बोलल्या. मावशींनी श्रेय घेण्यात कधी संकोच केला नाही. “पंचायत म्या चालवते,” त्या येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायच्या. “ह्या भिंतीवरून.”

इतरांच्या गळ्यावर एवढी नजर ठेवणाऱ्या या बाईला स्वतःच्या गळ्यात काय चाललंय ते एका हारानं सांगितलं. त्यांच्याकडे गळ्यालगत घट्ट बसणारा एक पट्टा होता, लाल मखमलीवर चांदीच्या टिकल्या. एका सकाळी त्याचा हुक लागेना. “मखमल आटली वाटतं,” म्हणून त्यांनी तो उसवून थोडा वाढवला. महिन्याभरानं पुन्हा लागेना. तेव्हा त्यांची लेक रोहिणी घरी होती. ती नर्सिंग शिकत होती. तिनं आईच्या गळ्याला हात लावला आणि तो हात तिथंच थांबला.

अंबाजोगाईला तपासण्या झाल्या. गळ्यातल्या ग्रंथीत गाठ होती आणि ती कर्करोगाची होती. लवकर सापडलीय, ग्रंथी काढली की बऱ्या व्हाल, आयुष्यभर एक गोळी घ्यावी लागेल, असं डॉक्टरांनी सांगितलं. आवाजाची नस अगदी शेजारून जाते, त्यामुळे आवाजाला काही काळ धक्का बसू शकतो, हेही सांगितलं. रोहिणी रडू लागली, भानुदासकाका भिंतीकडे बघत राहिले. मावशींनी डॉक्टरांना एकच प्रश्न विचारला.

“काप कुठून घेणार?”

डॉक्टरांनी बोटानं दाखवलं.

“गळ्याच्या वळीतून घ्या. शिवण चांगली बसंल.”

“तिथूनच घेतो आम्ही, मावशी,” डॉक्टर हसून म्हणाले.

ऑपरेशन नीट पार पडलं. पण मावशी घरी आल्या त्या बिनआवाजाच्या. कुजबुजल्यासारखे शब्द फुटायचे, तेही कान जवळ नेला तर. ज्या दुकानातून दिवसभर बोलणं आणि हसणं रस्त्यापर्यंत यायचं, तिथून आता फक्त मशीनचा आवाज यायचा. गळ्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत तांबडी रेघ उमटली होती. भर उन्हाळ्यात त्या गळ्याभोवती पदर गुंडाळून बसायच्या. निळ्या भिंतीवर त्यांनी जुनी चादर टाकून दिली. बायका यायच्या आणि चांगल्या मनानं सल्ले द्यायच्या, “मंदे, आता कॉलरचं ब्लाउज शिव गं तुला. रेघ झाकंल.” मावशी मान हलवायच्या. त्यांनी खरंच दोन कॉलरची ब्लाउजं शिवली. ती मला आवडली नाहीत; त्यांनाही आवडली नसावीत, कारण त्या आरशात बघायच्या बंद झाल्या.

एका दुपारी भानुदासकाका रानातून आले. मी खालीच होते, मावशी पापड लाटायला रोहिणीजवळ मागं होत्या. काकांनी हातपाय धुतले, दुकानात आले, भिंतीवरची चादर बघत उभे राहिले. मग आतल्या दाराकडे तोंड करून मोठ्यानं म्हणाले, “कोण मेलंय घरात? हार कावून झाकून ठिवलेत?”

काकांनी चादरीचं एक टोक धरलं आणि ओढून काढली. हार खुळखुळले. मावशी लाटणं हातात घेऊन दारात आल्या, आणि भिंतीकडे बघताच त्यांच्या घशातून एक खरखरीत, फाटका, पण चांगला मोठा आवाज निघाला.

“धूळ बसली की समद्यावर!”

ऑपरेशननंतर आम्ही ऐकलेलं त्यांचं हे पहिलं धड वाक्य. त्या दिवसापासून आवाज परतत गेला. पहिल्यासारखा झाला नाही, वाळूत फावडं ओढल्यासारखा राहिला. पण मावशी बोलायच्या थांबल्या नाहीत.

त्याच वर्षी रोहिणीला दिंद्रुडहून स्थळ आलं. मुलगा औषधांच्या दुकानात कामाला, घरची शेती, माणसं चांगली, असं लोक म्हणत होते. मंडळी बघायला येणार ठरलं तसं मावशींच्या जाऊबाई, सुलोचनाकाकू, आदल्या दिवशीच येऊन ठाण मांडून बसल्या.

“मंदे, ऐक माझं. पदर घट्ट ओढून बस. न्हाईतर तो तुजा मोठा हार घाल, सगळं झाकणारा. लोक काय म्हणतेत ठाऊक हाय का? आईला झालं म्हणल्यावर लेकीला बी होणार, म्हणतेत. एकदा सुपारी फुटू दे, मंग सांग काय सांगायचं ते.”

दुसऱ्या दिवशी सकाळी मावशींनी मला खाली बोलावलं. अंगावर मोरपंखी साडी, अगदी साधी. ब्लाउज त्यांनी रात्रीतून नव्हे, आठवडाभर आधीच शिवून ठेवलं होतं; गळा चांगला मोकळा. पलंगावर हार मांडलेले. त्यांनी आधी जर्मन सिल्व्हरचा तो मोठा हार घातला. रेघ पूर्ण झाकली गेली. साडीवर तो दिसतही सुंदर होता.

“कसा हाय?”

“छान आहे, मावशी.”

“छान हाय,” त्या आरशाला म्हणाल्या. “पर ह्यो बोलत न्हाई, बाई. ह्यो गप कर म्हणतोय.” आणि त्यांनी तो काढून ठेवला. नाण्यांचा घातला, काढला. कवड्यांचा घातला, काढला. शेवटी पितळेची एक अर्धचंद्राकार पट्टी उचलली, लोकरीच्या दोरीत बांधलेली. ती बरोबर जखमेच्या खाली, समांतर बसली. महत्त्वाच्या ओळीखाली आम्ही शिक्षक रेघ ओढतो, तशी. आता त्यांच्याकडे बघणाऱ्याला ती खूण दिसल्यावाचून राहणार नव्हती.

सुलोचनाकाकूंनी कपाळावर हात मारून घेतला. रोहिणी मात्र आईकडे बघून हसली आणि चहाचं आधण ठेवायला गेली.

मंडळी आली. मुलगा, त्याचे आईवडील आणि एक काका. पोह्यांच्या बश्या हातात गेल्या, पाऊसपाण्याचं बोलणं झालं, पण मुलाच्या काकांची नजर मावशींच्या गळ्यावरून हलेना. मग मावशीच बोलल्या, त्या नव्या खरखरीत आवाजात.

“बगायलात ते नीट बगून घ्या, भाऊ. कॅन्सरची गाठ होती. काढली. डाक्टर म्हणले बरी झाले. रोज गोळी खाते, मशीन चालवते.”

काका जागच्या जागी चुळबुळले. “तसं न्हाई, ताई. पर इचारलं पाहिजे. पोरीला बी पुढं…”

“पोरीची तपासणी केलीय. ती आज ठणठणीत हाय. उद्याचं मला ठाऊक न्हाई, तुमाला बी तुमच्या पोराचं ठाऊक न्हाई. झाकून लेक द्यायची आसती तर माझ्याकडं झाकणारा हार हाय, तिथं पलंगावर पडलाय. तो काढून ह्यो घातला म्या. तुमाला पटलं तर हो म्हणा, न्हाई पटलं तर च्या घेऊन जावा. राग न्हाई.”

मुलाच्या वडिलांनी बशी खाली ठेवली आणि बायकोकडे बघितलं. ती माउली आल्यापासून एक शब्द बोलली नव्हती. फिकट जांभळी साडी, अंगानं किरकोळ. तिनं पदर सावरला, दिराकडे वळून म्हणाली, “भाऊजी, पोहे खावा.” मग मावशींना म्हणाली, “आमच्यात माणसं देणंघेणं झाकतेत, वय झाकतेत, शिक्षण झाकतेत. तोंडावर आसं सांगणाऱ्या तुमीच पहिल्या. अशा बाईची लेक माझ्या घरात मला पाहिजे.”

रोहिणी दारात ट्रे घेऊन उभी होती. ती पुढं येऊन म्हणाली, “मला मुलाशी बोलायचंय आधी.” मुलगा लगेच उठला, आणि दोघं मागच्या अंगणात गेली. चांगला अर्धा तास परत आली नाहीत. तेवढ्या वेळात त्याची आई हळूच मावशींच्या शेजारी सरकली.

“ताई, एक इचारू? माझ्यावानी किरकोळ गळ्याला काय शोभंल?”

मावशींनी तिच्या गळ्याकडे बघितलं, साडीकडे बघितलं, परत गळ्याकडे बघितलं. “उठा,” त्या म्हणाल्या. “दुकानात चला.” दोघी गेल्या. पुरुष मंडळी रिकाम्या बश्या धरून बसून राहिली. दिंद्रुडची मंडळी परत निघाली तेव्हा विहीणबाईंच्या गळ्यात हिरव्या काचमण्यांची तिपदरी माळ होती आणि लग्न ठरलेलं होतं.

लग्नाच्या आधी माझी बदली गेवराईकडे झाली. सामान बांधून निघाले तेव्हा मावशी रडतील असं मला वाटलं होतं. त्यांनी माझ्या साडीच्या ढिल्या पडलेल्या फॉलला दोन टाके घातले आणि म्हणाल्या, “लग्नाला बिनहाराची आलात तर दारातून परत धाडीन.”

लग्न तेलगावच्या मंगल कार्यालयात होतं. मी आत शिरले आणि दारातच थांबले. निळी भिंत रिकामी करून मावशींनी सगळे हार आपल्याकडच्या बायकांच्या गळ्यात घातले होते, प्रत्येकीच्या साडीप्रमाणे निवडून. शेतातून येऊन घाईनं नेसलेल्या, सोन्याचा मणीही नसलेल्या बायका खुर्च्यांवर ताठ बसल्या होत्या. मधल्या रांगेत सरपंचबाई. धारूरकडच्या माहेरच्या म्हाताऱ्या लोकरीच्या गोफांत. सुलोचनाकाकूंच्या गळ्यात जर्मन सिल्व्हरचा मोठा हार, आणि त्या तो दर थोड्या वेळानं हातानं चाचपत होत्या. विहीणबाई तर आपल्या माणसांना सोडून इकडच्या रांगेतच येऊन बसल्या होत्या.

अक्षता पडल्या, जेवणं झाली, विहिणींचे मानपान झाले आणि मुलाकडच्या बायकांनी आग्रह धरला, नवरीच्या आईनं नाव घ्यावं. कुणी तरी माइक आणून मावशींच्या हातात दिला. हॉलमध्ये थोडी कुजबुज झाली. आजाराची हकिगत आता सगळ्यांना ठाऊक होती, आवाजाचीही. भानुदासकाका पार मागं, खांबापाशी उभे होते. मावशींनी अंजिरी साडी नेसली होती, गळा मोकळा, ती रेघ आता पुसट होऊन पांढरी पडलेली आणि तिच्याखाली तांब्याचा रुंद हार. त्यांनी माइक तोंडाजवळ नेला. खरखर सगळ्या हॉलभर पसरली.

“दुखणं म्हणलं हार मान, म्या म्हणलं हार आण,
भानुदासरावांचं नाव घेते, ताठ ठिवून मान!”

जो गलका उठला त्यानं बँडवाले दचकून बाहेरून आत डोकावले. बायका खुर्च्यांवरून उठून टाळ्या वाजवत होत्या, विहीणबाई हसता हसता डोळे पुसत होत्या, आणि मुलाच्या ज्या काकांनी बघण्याच्या दिवशी चुळबुळत प्रश्न केला होता, तेही हात वर करून ओरडत होते, “परत! ताई, परत एकदा!” मी मागं वळून बघितलं. भानुदासकाका खांबाला टेकून, तोंडावर उपरणं धरून, खांदे हलवत हसत होते. चाळीस-पन्नास माणसं वळून त्यांच्याकडे बघत होती, तरी त्यांना हसू आवरत नव्हतं.

मावशींनी माइक शेजारच्या बाईच्या हातात देऊन टाकला. कमरेवर हात ठेवले, मान वर केली, आणि दुसऱ्यांदा नाव घेतलं ते असं, की बाहेर रस्त्यावर उभ्या असलेल्या माणसांनीही टाळ्या वाजवल्या.